पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आणि दूध-पोळीची वाटी

कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात एक काळ असा येतो, की तेव्हा जे दिसेल, कानावर पडेल, हुंगायला मिळेल ते त्याला कायमचं ओळखीचं होतं. साधारण तिसऱ्या आठवड्यात हा काळ सुरू होतो आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास संपत येतो. त्या दिवसांत ज्याने रिक्षाची फटफट ऐकली, छत्री उघडताना पाहिली, दाढीवाला माणूस जवळून हुंगला, पोरांचा गलका अनुभवला, त्याला पुढे या गोष्टींची सहसा भीती वाटत नाही. ज्याने यातलं काहीच पाहिलं नाही ते मोठेपणी याच गोष्टींना बिचकतं. बिचकलेलं कुत्रं भुंकतं, अंगावर जातं, शेवटी चावतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. पिल्लाच्या या नाजूक काळाबद्दल आज जे बोललं जातं त्याचा पाया तिथे आहे.

आपल्या घरांत पिल्लू येतं ते नेमकं याच दिवसांत. आणि याच दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडतो. शेजारच्या काकू, गावाकडचे आजोबा, दुकानदार, जिन्यात भेटलेले सगळेच काही ना काही सांगून जातात. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून ते खरंही वाटतं. पिल्लांचे जे हाल पाहायला मिळतात त्यातले बरेचसे अशा ऐकीव मायेतून आलेले असतात. ते टाळणं मुळीच अवघड नाही, म्हणून हा खटाटोप.

“जितकं लहान आणाल तितका लळा लागेल”

बाजारात पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू ‘तयार’ मानलं जातं. काही जण तर महिन्याभराचंच हातात ठेवतात. लळ्याशी याचा काही संबंध नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी मस्ती करताना एक फार मोलाची गोष्ट शिकत असतं. जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो, म्हणजे दात किती दाबायचे याला मर्यादा असते. हा धडा अर्धवट राहिलेलं पिल्लू घरात आल्यावर मुलांच्या हातापायांना रक्त येईपर्यंत चावतं आणि मग त्यालाच ‘हट्टी’ ठरवतात. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत नियम केले, त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तेव्हा “साहेब, आत्ताच घेऊन जा, नंतर मिळणार नाही” असं कोणी म्हटलं तर निर्धास्तपणे नाही म्हणावं. आईजवळचे ते दोन-तीन आठवडे नंतर कुणालाच भरून काढता येत नाहीत.

“सगळी इंजेक्शनं होईपर्यंत घराबाहेर काढायचं नाही”

या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणूनच ती निस्तरायला अवघड जाते.

सत्य हे, की पार्व्हो नावाचा विषाणू पिल्लांचा काळ आहे. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जाऊ शकतं. हा विषाणू मातीत, जिन्यात, चपलांच्या तळव्यांवर महिनोन् महिने टिकतो. साबणाच्या किंवा फिनेलच्या पाण्याने तो खात्रीने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि फरशीवर किमान दहा मिनिटं ओलं. घरात आधी एखादं पिल्लू या आजाराने गेलं असेल, तर नवं आणण्यापूर्वी हे नीट करायला हवं आणि पहिलं इंजेक्शन झालेलंच पिल्लू आणायला हवं.

लस तीन-चार वेळा का द्यावी लागते, हेही समजून घेण्यासारखं आहे. एकदा दिलेली लस कमकुवत असते, म्हणून पुन्हा देतात, असं अनेकांना वाटतं. खरं कारण आईच्या दुधात आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत लसही निष्प्रभ होते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं: कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची पंधराव्या. बाहेरून ते कळत नाही. म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा गाठेपर्यंत लस देत जायची, म्हणजे त्यातली एक तरी नक्की लागू पडते. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर.

आता हिशेब मांडून पाहा. लसी पूर्ण व्हायला सोळा आठवडे, आणि जगाची ओळख करून घेण्याचं दार बाराव्या-चौदाव्या आठवड्यात मिटायला लागतं. इंजेक्शनं संपेपर्यंत पिल्लाला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलं, तर पार्व्होपासून ते वाचेल, पण आयुष्यभर लिफ्टला, स्कूटरला, पाहुण्यांना घाबरत राहील. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्गजन्य आजार नसून वर्तनाच्या तक्रारी आहेत, असं त्यांनी म्हटलं. चावरं झालेलं कुत्रं घराबाहेर जातं, आणि घराबाहेर गेलेलं कुत्रं फार दिवस जगत नाही. पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा उलटला, की पिल्लाला सुरक्षित ठिकाणी इतर निरोगी, लस झालेल्या कुत्र्यांबरोबर मिसळू द्यावं, असं ही संघटना सांगते.

यातून वाट काढता येते. पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवा. गेटपाशी, भाजीबाजाराच्या कडेला, शाळा सुटताना रस्त्यापलीकडे पाच-दहा मिनिटं उभं राहा. लस झालेली, शांत स्वभावाची कुत्री असलेल्या मित्राच्या घरी न्या. घरात मिक्सर, कुकरची शिट्टी, दिवाळीच्या आधी मोबाइलवर अगदी हळू आवाजात फटाके, आणि प्रत्येक आवाजानंतर तोंडात काहीतरी चविष्ट. जिथे भटक्या कुत्र्यांची वर्दळ असते, जिथे पावसाचं पाणी साचतं, ते टाळायचं. पावसाळ्यात डबक्यांत उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू उतरतात आणि ते माणसालाही सोडत नाहीत.

“दूध-पोळीवर आमची कुत्री पंधरा वर्षं जगली”

जगली असेल. गावात ती दिवसभर हिंडत असेल, कोंबडीची आतडी, उंदीर, अंडी, शेजारच्या घरची मासळी, सगळं पोटात जात असेल. फ्लॅटमधल्या पिल्लाला मात्र वाटीत पडेल तेवढंच मिळतं.

धान्य कुत्र्याला पचतच नाही, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज हल्ली वाढला आहे. लांडग्यापासून वेगळं होताना कुत्र्याच्या अंगात पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कित्येक पटींनी वाढल्या, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेल्या प्राण्याची ती खूण आहे. भात, भाकरी, पोळी त्याला चालते. अडचण आहे ती प्रथिनांची. वाढत्या पिल्लाच्या अन्नात पाणी वगळून किमान साडेबावीस टक्के प्रथिनं हवीत. पोळी-दुधात ती तेवढी बसत नाहीत. शिवाय आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद पिल्लात कमी होत जाते, त्यामुळे रोज वाटीभर दूध म्हणजे अनेकदा रोज पातळ जुलाब. थोडं दही बहुतेकांना सोसतं.

नामदेवांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि हा संत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावला. त्यातली करुणा आपण घ्यावी, तुपाची वाटी मात्र ठेवून द्यावी. एकदम भरपूर तूप-तेल पोटात गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

शाकाहारी घरात कुत्रं पाळता येतं का, असं बरेच जण चाचरत विचारतात. येतं. मांजराचं मांसावाचून भागत नाही, कुत्र्याचं भागू शकतं. मात्र पनीर, डाळ, सोयाबीन, आणि घरात चालत असतील तर उकडलेली अंडी यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला हवं. पिल्लाच्या बाबतीत तर घरच्या अंदाजावर न जाता पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाणं आधाराला घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि आता कॅल्शियमची ती बाटली. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनचं पिल्लू आणलं, की “हाडं मजबूत व्हायला” ती आपोआप घरात येते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे हॅझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम देऊन पाहिलं, तर हाडं मजबूत होण्याऐवजी त्यांची वाढच बिघडली. मोठं कुत्रं आतड्यातून नको असलेलं कॅल्शियम अडवू शकतं. लहान पिल्लाला ते जमत नाही, मिळेल तेवढं शरीरात ओढलं जातं. पिल्लांच्या तयार खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, त्यावर बाटली म्हणजे अपाय. उलट नुसतं चिकन-भात खाणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडतं आणि त्याचे पाय वाकतात. म्हणजे बाटली चांगली की वाईट, हे समोरच्या ताटावर ठरतं. डॉक्टरांना “कॅल्शियम देऊ का?” असं विचारण्याऐवजी पिल्लू दिवसभरात काय काय खातं ते सांगा.

घरातल्या काही साध्या वस्तू त्याला विषासमान आहेत: द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण, झायलिटॉल असलेली बिनसाखरेची च्युइंगम. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आपल्या लक्षातही येत नाहीत. शिजवलेली हाडं तुटून सुईसारखी टोकदार होतात. आणि ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नये.

“चूक त्याला कळते, बघा कसा तोंड पाडून बसलाय”

घरी आलो, गालिच्यावर डबकं, आणि कोपऱ्यात कान पाडून बसलेलं पिल्लू. कळतंय याला, मुद्दाम करतोय, असं वाटून त्याचं नाक त्यात घासलं जातं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर एक सुरेख प्रयोग केला. मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगायचं, की तुमच्या कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला. ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने काही केलं होतं की नाही यावर अवलंबून नव्हताच. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि निरपराध असून बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तो सर्वांत ठळक होता. तो चेहरा भीतीचा असतो. डबकं करून अर्धा तास झाला असेल, तर मारामागचं कारण त्याला जोडताच येत नाही. त्याला एवढंच कळतं, की माणूस घरी आला की मार बसतो. मग ते पलंगाखाली, सोफ्यामागे लपून उरकायला शिकतं.

दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त दोन-तीन तास लघवी धरू शकतं, खेळताना तेवढंही नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, तिथे केलं की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. घरात झालंच तर गुपचूप पुसायचं. वास पूर्ण जाईल असं एन्झाइमचं क्लीनर मिळतं, कारण वास उरला की जागा पक्की होते. फिनेलचा ओला पोछा टाळावा, कारण पिल्लू त्यावरून चालतं आणि मग पाय चाटतं.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ हा सल्लाही याच घराण्यातला. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयात, एका कुंपणात कोंडलेल्या लांडग्यांचं जे निरीक्षण केलं आणि १९४७ साली प्रसिद्ध केलं, त्यात आहे. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली. पुढे मोकळ्या रानात लांडगे पाहिल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे पदासाठी झुंज नसते. कुत्र्याला उताणं पाडून दाबून ठेवण्याला कसलाच आधार उरलेला नाही.

“गोचीड काय, वेचून टाकायचे”

महाराष्ट्रात नव्या कुत्र्याचा खरा शत्रू हाच आहे, आणि त्याला आपण फारच हलक्यात घेतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतोच. तो भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, बाल्कनीतल्या कुंड्यांमागे असतो. एक मादी हजारो अंडी घालते. अंगावरचे वेचले तरी घरातली फौज शाबूत राहते. त्यांच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार होतात. कुत्रं खायचं थांबतं, मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. “उन्हाने गळालंय” म्हणत दोन दिवस काढले तर उशीर होतो. रक्ततपासणी त्याच दिवशी करावी. एर्लिकिया वेळीच कळला तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो.

रॉकेल चोळणं, गुरांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून आंघोळ घालणं हे प्रकार गावांत सर्रास चालतात आणि त्यात पिल्लं दगावतात. वजनानुसार दिली जाणारी चघळायची गोळी महिनाभर, काही तर बारा आठवडे काम करते. लागलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. जाळू नये, नखांनी चिरडू नये.

जंतांबद्दलही “घरातच असतं, जंत कुठून होणार?” असं विचारतात. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी तीन महिन्यांपर्यंत, मग दर महिन्याला सहा महिन्यांपर्यंत. घरात रांगतं बाळ असेल तर यात टाळाटाळ नको.

“लहान पिल्लाच्या दाताने काही होत नाही”

हा सगळ्यांत घातक गैरसमज. रस्त्यावरून उचलून आणलेलं गोड पिल्लूही रेबीजग्रस्त असू शकतं. जगात दरवर्षी सुमारे एकोणसाठ हजार माणसं रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा भारताचा आहे. लक्षणं दिसू लागल्यावर यातून जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि वेळेत उपचार घेतले तर हा रोग पूर्णपणे टळतो.

दात लागला, ओरखडा आला, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील या धास्तीने अजूनही माणसं घरी बसतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनं असतात, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. आपल्याच कुत्र्याने चावलं, त्याला लस दिलेली आहे, तरी जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं. या रोगाला ‘वाट पाहू’ हा शब्द परवडत नाही.

काही झटपट

नाक कोरडं म्हणजे ताप, असं नाही. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. ताप थर्मामीटरनेच कळतो, आणि १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं रोजचं तापमान आहे. उन्हाळ्यात हस्की किंवा गोल्डनचे केस पूर्ण काढू नयेत, तो थर उन्हापासूनही राखतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर काढणं धोक्याचं. मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. नसबंदी केली नाही तर वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका मात्र खरा आहे. शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी हे जातीवर आणि आकारावर ठरतं, मोठ्या जातींत थोडं थांबणं सांध्यांसाठी बरं. आणि सोसायटीच्या सभेत ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट केलं आहे. महापालिकेचा परवाना आणि रेबीजचा दाखला मात्र आपणही वेळेवर काढावा, आणि फिरायला जाताना विष्ठा उचलायची पिशवी जवळ ठेवावी.

“मोठं कुत्रं लळा लावत नाही, शिकतही नाही”

आश्रयगृहांत दोन-तीन वर्षांची देशी कुत्री वर्षानुवर्षं पडून राहतात ती या एका वाक्यामुळे. मोठं कुत्रं शिकतं, आणि पिल्लापेक्षा त्याचं लक्ष जास्त वेळ टिकतं. त्याचा आकार, स्वभाव, मुलांशी जुळतं की नाही हे आधीच पाहता येतं. आपल्या हवेत घडलेल्या देशी कुत्र्याला आपला उन्हाळा सोसतो, केसांची निगाही फारशी लागत नाही.

त्याला हवे असतात शांत सुरुवातीचे दिवस. पहिले काही दिवस ते पलंगाखालून बाहेर येणार नाही, कदाचित खाणारही नाही. ओढून काढू नका. पाण्याचं भांडं जवळ ठेवा, त्याच्या कोपऱ्याजवळ जमिनीवर बसून तुमचं काम करत राहा, हात पुढे करायचा तो त्याने हुंगायला जवळ आल्यावर. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत, आंघोळ नको, नातेवाइकांना दाखवायला गाडीत घालून नेणं नको. आधीच्या ठिकाणी जे खात होतं तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लावा, कारण नव्या घरातून कुत्रं निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त पहिल्या काही दिवसांतच असते, आणि परत कुठे यायचं हे तेव्हा त्याला माहीत नसतं.